गावचा पाऊस घरच्या डब्यात कसा मोजायचा आणि त्या आकड्याचं पुढं काय करायचं

हवामान हा माझा पोटापाण्याचा विषय. पुण्यात बसून दिवसभर पावसाचे आकडे बघायचे आणि सुट्टीला माणदेशात गावी गेलो की पारावर पहिला प्रश्न ठरलेला, "काय रं, यंदा कसाय पाऊस?" मागं एकदा सप्टेंबरात असाच गेलो होतो तर आदल्या आठवड्यात रात्रभर ओतलेलं, तात्यांची (माझे चुलते) काढणीला आलेली बाजरी आडवी, कांद्याचं रोप वाहून गेलं, खालचा बांध फुटला. पण सर्कलच्या (महसूल मंडळाच्या) पर्जन्यमापकावर त्या दिवशीचा आकडा 41 मिलिमीटर, आणि अतिवृष्टी धरायची तर 24 तासात 65 लागतो. ते केंद्र आमच्या रानापासून 11 किलोमीटरवर, मधे डोंगर. तात्या एवढंच म्हणाले, "आपल्याकडं जास्त झाला हे खरं, पण किती झाला ते सांगता येईना ना."

ते वाक्य माझ्या डोक्यातनं गेलं नाही म्हणून हे लिहितोय.

11 किलोमीटरनी एवढा काय फरक पडणार असं वाटत असेल तर 26 जुलै 2005 ची मुंबई आठवा. सांताक्रूझला 944 मिमी आणि त्याच 24 तासात कुलाब्याला 74 च्या आसपास. एकाच शहरात. पाऊस असाच तुकड्यातुकड्यात पडतो आणि हवा तापली तसा तो अजून असा व्हायला लागलाय, कारण 1 अंशानं तापलेली हवा साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरून ठेवते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. 2017 मधे पुण्याच्या आयआयटीएममधल्या (उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर होणारी अतिवृष्टी 1950 पासून 2015 पर्यंत तिप्पट झाली. महाराष्ट्राचा बराचसा भाग त्याच पट्ट्यात येतो.

तर आता डबा. बाजारात पर्जन्यमापक मिळतात, घ्या जमलं तर, पण त्यावाचून अडत नाही. घरातला स्टीलचा असा डबा शोधा ज्याचं तोंड आतून बरोबर 16 सेंटिमीटर आहे. 16 च का, तर त्या तोंडाचं क्षेत्रफळ येतं 201 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 1 मिमी पाऊस झाला की डब्यात 20 मिली पाणी जमतं. आणि 20 मिलीची सिरिंज मेडिकलमधे मिळते. एक सिरिंज भरली की 1 मिलिमीटर, अर्धी भरली की अर्धा. जास्त पाऊस असेल तर सिरिंजनी उपसत बसायची गरज नाही, दुधाचं एक लिटरचं माप भरलं की 50 मिमी, अर्ध्या लिटरचं भरलं की 25, उरलेलं सिरिंजनी. तोंड 16 चं नाही मिळालं तरी चालतं: तोंडाची रुंदी सेंटिमीटरमधे घ्या, तिच्या निम्म्याला निम्म्यानं गुणा, मग 3.14 नी गुणा, आणि त्याला 10 नी भागा, तेवढे मिली म्हणजे 1 मिमी. डबा खाली निमुळता असला तरी बिघडत नाही कारण आपण पाण्याची उंची मोजत नाही, पाणी मोजतोय, फक्त तोंडाचं माप चुकता कामा नये. पट्टीनं दोन-तीन बाजूंनी मोजा, डबा चेपलेला असेल तर दुसरा घ्या.

ठेवायचा कुठं, इथं बहुतेक लोक चुकतात. पत्र्याच्या पागोळीखाली नाही, लिंबाच्या झाडाखाली नाही, गच्चीच्या कठड्याला लागून तर नाहीच, तिथं वारा पाऊस उडवून लावतो. शेजारी घर किंवा झाड असेल तर त्याच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब. तोंड जमिनीपासून साधारण फूटभर वर येईल असं ठेवा नाहीतर शिंतोडे आत उडतात. आम्ही अंगणाच्या कडेला चार विटा रचून मधे डबा बसवलाय, वर बुडाशी भोक पाडलेलं प्लास्टिकचं नरसाळं ठेवलंय म्हणजे पाणी उन्हानं उडून जात नाही. नरसाळ्याचं तोंड डब्याच्या तोंडाएवढं पाहिजे, मोठं असेल तर हिशोब नरसाळ्याच्या तोंडाचा करायचा.

वेळ सकाळी साडेआठ. हवामान खातं देशभर त्याच वेळेला मोजतं, त्यामुळं तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी मांडता येतो. साडेआठला मोजलेला पाऊस हा कालच्या साडेआठपासूनचा, पण तारीख आजची टाकायची. मोजलं की डबा रिकामा करून फडक्यानं पुसून परत जागेवर, डासांनाही थारा नको. रात्री धो धो चालू असेल आणि डबा भरेल असं वाटलं तर मधेच मोजून घ्या, वेळ लिहा, सकाळच्यात मिळवा. गारा पडल्या तर वितळू द्या.

आता वही, आणि यात माझा हट्ट आहे. पाऊस नाही झाला त्या दिवशी 0 लिहायचं. कुणी घरी नव्हतं, मोजलंच नाही, तर "मोजलं नाही" असं लिहायचं. अंदाजानं आकडा कधीही भरायचा नाही. रिकामी जागा आणि शून्य यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, दहा वर्षांनी वही उघडणाऱ्याला रिकाम्या जागेवरून काही कळत नाही. आकड्यापुढं दोन शब्द लिहा: वाफसा आला, ओढा वाहिला, विहिरीला पाणी किती हात, पेरणी झाली, बाजरी पडली. जुनी माणसं घरात असतील तर नक्षत्र आणि त्याचं वाहनही (पंचांगात त्या नक्षत्राला दिलेला प्राणी) लिहा, मृग, आर्द्रा, वाहन हत्ती. तात्यांना मिलिमीटरपेक्षा "उत्तरा कोरड्या गेल्या" हे चटकन कळतं, आणि आकडा शेजारी असला की दोघांचं बोलणं एका पानावर येतं. मोठा पाऊस झाला त्या दिवशी डब्यासकट पाण्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मापात ओततानाचा.

हे सगळं नीट केलंत तरी तुमच्या वहीवर भरपाई मिळणार नाही, ते सर्कलच्या अधिकृत आकड्यावरच चालतं, हे आधीच सांगतो म्हणजे नंतर मनस्ताप नको. पण तलाठी, कृषी सहायक पंचनाम्याला आले किंवा तहसीलला अर्ज द्यायचा असला तर "लई पाऊस झाला हो" यापेक्षा, समजा, "सर्कलला 41 होता, आमच्या वाडीत 78, हा फोटो, ही तीन महिन्यांची वही" याला वजन येतं. आणि वाडीत एकाच्या जागी चार घरांनी मोजलं तर ते वजन चौपट होतं, कारण एक डबा खोटा म्हणता येतो, चार डबे खोटे म्हणणं अवघड जातं. नवीन पर्जन्यमापकाची मागणी करायची झाली तरी हाच पुरावा.

वही वाचायची कशी? चार महिन्यांची बेरीज करून थांबू नका, बेरीज फसवते. 2023 ला देशाचा मान्सून सरासरीच्या 94 टक्के होता, कागदावर बरं वर्ष, पण त्याच वर्षीचा ऑगस्ट 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता आणि सोयाबीनवाल्यांना विचारा त्या 94 टक्क्यांनी काय भागलं. म्हणून तीन गोष्टी काढा. अडीच मिमी किंवा जास्त पावसाचे दिवस किती (त्यालाच पावसाचा दिवस म्हणतात), पावसाचा सगळ्यात लांबलेला खंड किती दिवसांचा, आणि हंगामातला निम्मा पाऊस किती दिवसात उरकला. आमच्या वहीत एका वर्षी 26 दिवसांचा खंड होता आणि त्यानंतरच्या दोनच दिवसात 118 मिमी. पीक याच्यावर जगतं-मरतं, बेरजेवर नाही.

आणि इथं माझी एक विनंती. तीन वर्षांची वही घेऊन "बघा हवामानबदल" असं म्हणू नका. हवामानाबद्दल बोलायला आम्ही 30 वर्षांचे आकडे धरतो, दोन-चार वर्षं वरखाली होतच असतात. पारावर मला दोन टोकाची माणसं भेटतात. एक म्हणतो पूर्वीपण असंच होतं, 72 चा दुष्काळ आठव. दुसरा, आणि हा बहुतेक वेळा कुठल्यातरी पदावर असतो, म्हणतो हवामानच बदललंय आता आम्ही काय करणार. पहिल्याला मी सांगतो की दुष्काळ पूर्वीही पडत होते, पण हवेत 1958 ला मोजायला सुरुवात केली तेव्हा कार्बन डायऑक्साईड दहा लाखात 315 भाग होता, आता 420 च्या पुढं गेलाय आणि तो आपण सोडलाय, मोजून बघितलंय. दुसऱ्याचा मला जास्त राग येतो. ओढ्याच्या पात्रात भराव टाकून प्लॉट पाडले ते हवामानानं नाही पाडले. नळ्याचा पूल लहान बांधला तो हवामानानं नाही बांधला. माणदेशातल्या मेंढरं घेऊन चार महिने फिरणाऱ्या माणसाचा त्या 420 मधे वाटा जवळजवळ नाहीच, आणि पालात पाणी शिरतं ते त्याच्याच.

72 चंच घ्या. पाऊस पडला नाही हा कुणाचा दोष नव्हता, पण लाखो माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली तेव्हा विधान परिषदेचे त्यावेळचे सभापती वि. स. पागेंनी आधीपासून मांडलेली रोजगार हमी राज्यभर उभी राहिली, 1977 ला त्याचा कायदा झाला, आणि पुढं 2005 ला देशाचा. पाऊस आपल्या हातात नाही, पाऊस नाही पडला तर कुणाच्या घरात चूल पेटेल हे मात्र सभागृहात ठरतं. म्हणून वहीची खरी जागा ग्रामसभा आहे. 15 ऑगस्टच्या सभेला जून-जुलैचे आकडे वाचून दाखवा, दोन मिनिटं लागतात. 1 मिमी म्हणजे एकरी 4 हजार लिटर असं सांगा, लोक लगेच कान देतात. 1000 हेक्टरच्या गावावर 300 मिमी पडला तर 300 कोटी लिटर पाणी झालं, त्यातलं आपण अडवलं किती आणि बोअरनी उपसलं किती, एवढा एकच प्रश्न विचारा आणि बसा. हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी हेच करून दाखवलंय, पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आणि त्यावरनं यंदा कुठली पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. तिथं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे आणि ती बंदी गावानं स्वतःवर घालून घेतलीय.

सभेत मोजणाऱ्यालाच वाचू द्या. आमच्याकडं आता डबा तात्यांची नात बघते, सातवीत आहे. मागच्या ऑगस्टला ती वही घेऊन उभी राहिली, "पाच जुलै, 0. सहा जुलै, 0. सात जुलै, 0," असं तिनं सलग वाचलं आणि मागच्या ओळीतली बोलणी हळूहळू बंद झाली. मी इतकी वर्षं आलेख दाखवतोय, एवढी शांतता मला कधी मिळाली नव्हती.

30 सप्टेंबरला हंगामाची बेरीज करा, पानाचे फोटो काढून शाळेत आणि ग्रामपंचायतीत एकेक प्रत ठेवा, वही हरवते. पण डबा आत घेऊ नका. परतीचा पाऊस ऑक्टोबरात असतोच, आणि फेब्रुवारी-मार्चचं अवकाळी, गारपीट, द्राक्ष आणि गहू काढणीला आलेले असतात तेव्हा एका रात्रीचे 15 मिमी सुद्धा लिहून ठेवण्यासारखे असतात. विटा तिथंच राहू द्या, सिरिंज मात्र उन्हात ठेवू नका, तिच्यावरचे आकडे पुसट होतात.