पायाखालची जमीन सरकते कशी? नकाशा, कात्री आणि दोन टॉवेल घेऊन प्लेट टेक्टॉनिक्स समजून घ्या

शाळेत हा धडा आपण सगळ्यांनीच केलाय. पृथ्वीचे थर, खंड सरकतात, भूकंप होतात, पाच मार्कांचं उत्तर लिहिलं की विषय संपला. पण ही गोष्ट पाठ करून डोक्यात बसत नाही, हाताने करून बघितली की बसते, आणि एका संध्याकाळचंच काम आहे. जगाच्या नकाशाचं प्रिंटआउट, कात्री, दोन टॉवेल, एक पुठ्ठा, कागदाच्या दोन लांब पट्ट्या, स्केचपेन आणि मोबाईल एवढं जवळ घेऊन बसा.

सुरुवातीलाच एक सांगतो, पृथ्वीचा बाहेरचा कडक थर मोठमोठ्या तुकड्यांचा बनलाय, त्या तुकड्यांना प्लेट म्हणतात, आणि पूर्ण वेळ या प्लेटच्या कडांवर लक्ष ठेवा. मधल्या भागात फारसं काही घडत नाही, जे काय घडतं ते बहुतेक सगळं कडेला.

१. आधी एक गैरसमज काढून टाका

"प्लेटा खाली उकळणाऱ्या लाव्ह्यावर तरंगतात" हे वाक्य इतक्या ठिकाणी लिहिलेलं असतं की खरंच वाटायला लागतं. तसं नाहीये. कवचाच्या खाली जे प्रावरण आहे, साधारण २,९०० किमी खोलीपर्यंत, ते जवळजवळ सगळं घन खडकाचं आहे. हे कळलं कसं, तर भूकंपाच्या लाटांचा एक प्रकार द्रवातून जाऊच शकत नाही आणि तो प्रावरणातून व्यवस्थित पार जातो. मग घन खडकावर प्लेट सरकते कशी? डांबराचा गोळा आठवा. हातोडा मारला तर तुकडे पडतात, पण तोच गोळा तसाच ठेवून दिला तर हळूहळू पसरतो. प्रावरणाचा खडक तसाच, फक्त त्याला लाखो वर्षं द्यावी लागतात.

आणि प्लेट म्हणजे नुसतं कवच नव्हे, कवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा कडक भाग मिळून साधारण १०० किमी जाडीची लादी. त्यात समुद्राखालचं कवच ६-७ किमीचं, बेसॉल्टचं आणि जड, तर खंडांचं ३०-४० किमीचं आणि हलकं. कोण जड आणि कोण हलकं हे पक्कं लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच चालतं.

२. नकाशा कापा आणि जुळवा

दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका कापून घ्या आणि जवळ आणा. ब्राझीलचं पुढे आलेलं टोक आफ्रिकेच्या पश्चिमेच्या खोबणीत बसतं, पण किनारा अगदी काटेकोर जुळत नाही, मध्ये फटी राहतात आणि इथेच बरेच जण म्हणतात की योगायोग असेल. चूक अशी की आपण पाण्याची रेषा कापतोय, खंडाची कड नाही. खंड पाण्याखालीही बराच पुढे जातो आणि मग एकदम खोल उतरतो, ती खरी कड. १९६५ मध्ये एडवर्ड बुलार्ड आणि सहकाऱ्यांनी कॉम्प्युटर वापरून साधारण ९०० मीटर खोलीची रेषा जुळवली तेव्हा दोन्ही खंड फार सुंदर बसले. समुद्राची खोली दाखवणारा नकाशा मिळाला तर तोच कापा, फरक लगेच दिसेल.

खंड एकेकाळी जोडलेले होते आणि मग लांब सरकले, हा विचार आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ मध्येच मांडला होता. मेसोसॉरस नावाच्या छोट्या सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म ब्राझीलमध्येही सापडतात आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातही, आणि तो काही अख्खा महासागर पोहून गेला नसणार. पण खंड सरकवणारी ताकद कोणती हे वेगेनरला पटण्यासारखं सांगता आलं नाही, म्हणून बहुतेकांनी ते उडवून लावलं. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात त्याचा मृत्यू झाला, आपण बरोबर होतो हे त्याला कळलंच नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

३. पुठ्ठ्यातून समुद्राचा तळ बाहेर काढा

पुठ्ठ्याला मधोमध एक लांब फट पाडा. दोन्ही पट्ट्या खालून त्या फटीतून वर काढा, एक डावीकडे वळवा, एक उजवीकडे. आता फटीच्या दोन्ही बाजूंना स्केचपेनने एक जाड काळा पट्टा काढा, दोन्ही पट्ट्या सारख्याच थोड्या बाहेर ओढा, तेवढी जागा कोरी सोडा, पुन्हा ओढा, पुन्हा काळा पट्टा. चार-पाच वेळा केलं की डावी आणि उजवी बाजू आरशातल्यासारखी दिसायला लागते. घाई करू नका, दोन्ही बाजू सारख्याच ओढल्या तरच जमतं.

अटलांटिकच्या तळाशी नेमकं हेच चाललंय. मध्यभागी पाण्याखाली एक लांबच लांब डोंगररांग आहे, तिच्या माथ्यावर दरी आहे, प्लेटा तिथे एकमेकींपासून लांब जातात आणि खालून वितळलेला खडक वर येऊन थिजतो. थिजताना तो त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतो, आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं, शेवटचं साधारण ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी उलटलं. म्हणून तळावर सुलट-उलट असे पट्टे पडतात, तुमच्या काळ्या-कोऱ्या पट्ट्यांसारखे. याचा अर्थ १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज या ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी लावला. त्याच्या आधी, १९५० च्या दशकात, मेरी थार्प या अमेरिकन नकाशाकार बाईने जहाजांनी घेतलेल्या खोलीच्या नोंदींवरून टेबलाशी बसून ती मधली दरी शोधली होती, ती सुद्धा अशा काळात की बायकांना संशोधनाच्या जहाजावर घेत नसत. सहकाऱ्याला आधी ते पटलं नाही, मग भूकंपांचा नकाशा शेजारी ठेवला तर ठिपके बरोबर त्या दरीतच!

नवा तळ तयार होतो मग पृथ्वी फुगत का नाही? कारण जुना तळ दुसरीकडे खाली जातो. खंडांवर ४०० कोटी वर्षांचे खडक सापडतात, पण महासागरांचा तळ बहुतेक सगळा २० कोटी वर्षांच्या आतला आहे.

४. आता टॉवेल

दोन टॉवेल टेबलावर समोरासमोर पसरा आणि हळूच एकमेकांकडे ढकला. कडा एकमेकींना भिडतात, घड्या पडतात, घड्या वर उचलतात. दोन्ही बाजू हलक्या, कुणीच खाली जायला तयार नाही, की हे असं होतं. भारतीय प्लेट आणि युरेशियाची टक्कर साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली, हिमालय त्यातूनच उभा राहिला आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर चक्क समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे. टक्कर अजून थांबलेली नाही, भारतीय प्लेट वर्षाला साधारण ५ सेमीने उत्तरेकडे जातेच आहे.

एक बाजू जड असेल, म्हणजे समुद्राची, तर ती दुसरीच्या खाली घुसते. तिथे खोल गर्ता तयार होते, जसं की जवळपास ११ किमी खोल मरियाना गर्ता, आणि वरच्या प्लेटवर ज्वालामुखींची रांग. तिसरा प्रकार म्हणजे कडा एकमेकींना घासून बाजूने सरकणं, कॅलिफोर्नियातला सॅन अँड्रियास भ्रंश, म्हणजे जमिनीतली लांब भेग, तसा. तिथे १९०६ च्या भूकंपात सरळ कुंपणं मधेच तुटून काही मीटर बाजूला सरकली होती.

टॉवेलचा अजून एक प्रयोग आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. गुळगुळीत टेबलावर टॉवेल पसरा, एक टोक कडेवरून खाली लोंबू द्या आणि लोंबता भाग थोडा थोडा वाढवत न्या. एका क्षणी तो स्वतःच्याच वजनाने घसरायला लागतो आणि वरचा सगळा टॉवेल मागे ओढत नेतो. वेगेनरला न सापडलेली ताकद मुख्यतः हीच. समुद्राचा जुना तळ थंड होऊन जड होतो, गर्तेतून खाली बुडतो आणि मागची प्लेट ओढून नेतो. म्हणूनच ज्या प्लेटांच्या कडा अशा बुडतायत, जशी पॅसिफिक, त्या सहसा जास्त वेगाने पळतात.

५. वेग स्वतः काढा

हवाई बेटांच्या खाली एक उष्ण जागा आहे, तिच्यावरून पॅसिफिक प्लेट वायव्येकडे सरकत जाते आणि मागे बेटांची रांग पडत जाते. त्यातला किलाउएआ हा ज्वालामुखी आज जागृत आहे. तिथून साधारण ५०० किमीवर काउआई बेट, तिथले खडक साधारण ५० लाख वर्षांचे. ५०० किमी म्हणजे ५ कोटी सेमी, भागिले ५० लाख, उत्तर वर्षाला १० सेमी. हिशोब ढोबळ आहे, पण मोजमापातून येणारा ७ ते १० सेमीचा वेग याच्या जवळच आहे. अटलांटिक मात्र वर्षाला दोन-अडीच सेमीनेच रुंद होतोय, आपली नखंसुद्धा त्याहून जरा जास्त वेगाने वाढतात.

६. मोबाईलवर भूकंप बघा, आणि खोली वाचा

यूएसजीएस या अमेरिकन संस्थेच्या वेबसाईटवर भूकंपांचा नकाशा फुकट बघता येतो. ३० दिवस आणि ४.५ च्या वरचे भूकंप असं सेटिंग करा. ठिपके कुठेही विखुरलेले नसतात, रांगेने असतात, आणि ती रांग म्हणजे प्लेटांच्या कडा. पॅसिफिकभोवती तर हार घातल्यासारखी दिसते.

बहुतेक लोक फक्त तीव्रता वाचतात. तुम्ही ठिपक्यावर क्लिक करून खोली वाचा. अटलांटिकच्या मधल्या रांगेवर भूकंप उथळच असतात. आता जपानला जा, पूर्वेकडच्या गर्तेजवळचा ठिपका बघा, मग पश्चिमेकडे सरकत एकेक ठिपका उघडा. आधी २०-३० किमी, मग शंभरच्या वर, आणि जपानच्या पलीकडे, समुद्र ओलांडून, ४००-५०० किमी. महिन्याभरात पुरेसे ठिपके नसतील तर तारखा वाढवून वर्षभराचे घ्या. हे आकडे एका कागदावर मांडले की तिरकी उतरती रेषा मिळते, ती खाली बुडणारी पॅसिफिक प्लेट आहे.

दक्षिण अमेरिकेत हेच उलट्या दिशेला करा, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्वेकडे. जून १९९४ मध्ये बोलिव्हियाच्या खाली ८.२ तीव्रतेचा भूकंप झाला, खोली सुमारे ६३० किमी, आणि तो पार कॅनडापर्यंत जाणवला. एवढ्या खोलीवर खडक इतका तापलेला असतो की तडकण्याऐवजी वाकायला हवा. पण तिथे होता तो पेरू आणि चिलीच्या किनाऱ्याजवळच्या गर्तेतून कोट्यवधी वर्षांपूर्वी बुडालेला समुद्राचा तळ, इतक्या खाली जाऊनही आजूबाजूच्या खडकापेक्षा अजून थंडच.