ठिपके मोजण्याआधी पेशीचा टप्पा ओळखा

शुक्रपेशी घडताना होणाऱ्या पुनःसंयोजनावर, म्हणजे जोडीतल्या गुणसूत्रांच्या आपसातल्या अदलाबदलीवर, पीएच.डी.चं काम घेतलेल्या मुलामुलींचे मला फोन येतात, बहुतेक जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे. पहिला प्रश्न ठरलेला: ‘ताई, आमच्याकडे उंदीर ठेवायची सोय नाही, मग काम होईल का?’ होतं. मी बोकडाच्या वृषणांवर केलं. कॉलेजच्या समितीची लेखी परवानगी मात्र आधी घ्या. रविवारी पहाटे मी अमळनेरला खाटकाच्या दुकानापुढे बर्फाचा थर्मास घेऊन उभी राहायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘ताई, हाई कसाले लागस तुले?’ सगळं समजावून सांगितलं, तर पुढच्या आठवड्यापासून ते वयात आलेल्या बोकडाचे आठवणीने बाजूला काढून ठेवू लागले.

स्पो११ हे प्रथिन डीएनएचे दोन्ही धागे तोडतं, उघड्या टोकांवर रॅड५१ आणि डीएमसी१ ही प्रथिनं बसून जोडीदार गुणसूत्र शोधतात, हे तुम्हाला पाठ असेल. उंदराच्या एका पेशीत अशा तुटी २०० ते ३०० ठिकाणी होतात आणि त्यांतून खरी अदलाबदल जेमतेम वीस-पंचवीस ठिकाणी होते. ती ठिकाणं एमएलएच१ या प्रथिनाला रंग दिला की ठिपक्यांनी दिसतात. ठिपके मोजायचे, सरासरी काढायची. इतकं सोपं वाटतं, आणि मी नेमकी इथेच आठ महिने घालवले.

माझी सरासरी आली १७. बोकडाची गुणसूत्रं ६०, म्हणजे ३० जोड्या. प्रत्येक जोडीत निदान एक अदलाबदल लागतेच, नाहीतर विभाजनाच्या वेळी ती जोडी नीट वेगळी होत नाही. चांगली पिल्लं देणाऱ्या जातीत १७ येणं शक्यच नव्हतं. पण एका वरिष्ठांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, ‘आपल्याकडचा उन्हाळा, उष्णतेने पुनःसंयोजन कमी होतं, लिहून टाक.’ वृषणातल्या या पेशींना उष्णता सोसत नाही हे खरंच आहे, म्हणून मलाही पटलं. मी मसुदा लिहायलाही घेतला होता.

चूक टप्प्याची होती. पेशीविभाजनात पॅकिटीन आणि त्यानंतर डिप्लोटीन असे टप्पे येतात; एमएलएच१ पॅकिटीनच्या मध्याला येतं आणि डिप्लोटीनपर्यंत निघून जातं. पॅकिटीनच्या सुरुवातीला एसवायसीपी३च्या, म्हणजे गुणसूत्रांच्या कण्यातल्या प्रथिनाच्या, रेषा पूर्ण जुळलेल्या दिसतात, पेशी सुंदर दिसते, पण ठिपके अजून बसलेले नसतात. अशा पेशी मी सरसकट धरल्या होत्या. शून्य, चार, नऊ, एकतीस, सगळ्यांची मिळून सरासरी.

उपाय म्हणून पुष्कळ जण ठिपके नसलेल्या पेशी गाळतात. तसं अजिबात करू नका. एमएलएच१ बघून पेशी निवडायची आणि त्याच पेशीत एमएलएच१ मोजायचं, म्हणजे उत्तर आधीच ठरवून ठेवल्यासारखं झालं. शिवाय एखाद्या प्राण्यात ठिपके खरोखर कमी असतील, तर नेमक्या त्याच पेशी तुमच्या हातून फेकल्या जातील. आधी फक्त एसवायसीपी३चं चित्र उघडा. रेषांची जाडी, टोकं, एक्स-वायची जोडी किती आखडली आहे ते बघा, टप्पा वहीत लिहा, आणि मगच दुसरा रंग उघडा. उंदरावर काम असेल तर एच१टी या प्रथिनाचा रंग सोबत घ्या, तो मध्य-पॅकिटीनपासून दिसतो. दुसऱ्या प्राण्यात त्याची अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणारा रेणू) आधी तपासून घ्या. वहीतला टप्पा नंतर बदलायचा मोह होईल. बदलू नका.

रॅड५१ आणि डीएमसी१ यांच्यातला अमिनो आम्लांचा क्रम जवळपास निम्मा सारखा आहे, त्यामुळे एकाची अँटिबॉडी दुसऱ्यालाही धरू शकते. खात्री न करता दोघांचे वेगळे आकडे लिहू नका. मोजणीचं सॉफ्टवेअर पहिल्या शंभर पेशींपर्यंत तरी टाळा, माझं हे मत पक्कं आहे. डोळा तयार झाला नाही तर सॉफ्टवेअर कुठे चुकतंय ते कळतच नाही. गाईड निवडताना त्यांचे किती पेपर आहेत हे विचारू नका; ते तुमच्याबरोबर मायक्रोस्कोपला अर्धा तास बसतात का, ते विचारा. मला वाचवलं ते लॅब असिस्टंटने. ते शेजारी बसले आणि म्हणाले, ‘मॅडम, या पेशी एका वयाच्या नाहीत वाटत.’

आणि घाबरू नका, स्लाइड बिघडणारच. मेमध्ये जळगावला पारा ४४-४५ वर जातो, कोरडी हवा वीस मिनिटांत स्लाइड वाळवते आणि केंद्रकं सुरकुततात. त्या सावकाश वाळायला हव्यात. डब्यात ओला फिल्टर पेपर, डब्याभोवती ओलं गोणपाट, आणि काम रात्री. मी हेच केलं.

पुन्हा मोजायला बसले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. टप्पा आधीच लिहून ठेवलेली पहिली पेशी उघडली. एकेका रेषेवर बोट ठेवत गेले, एकोणतीसही जोड्यांवर ठिपका होता. तिसाव्या जोडीचा, एक्स-वायच्या टोकावरचा, सगळ्यात शेवटी सापडला.