दाब बघून गळ टाकताय? मग कालचा आकडा पण बघा

व्हिडिओ बघून फिशिंग शिकलेल्या आपल्यासारख्यांचं एक ठरलेलं असतं. परदेशातला माणूस सांगतो बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब, पडायला लागला की मासे तुटून पडतात, वर गेला की तोंड बंद करतात, आणि आपण लगेच मोबाईलवर ॲप टाकून पानशेतच्या काठावर आकडा बघत बसतो. मी दोन सीझन हेच केलं. सकाळी १० ला १०११, दुपारी ४ ला १००८, मी खूश, दाब पडतोय, आता लागणार म्हणजे लागणार. कसलं काय. दुसऱ्या दिवशी परत १०११ चे १००८, तिसऱ्या दिवशी पण तेच, वर आभाळ निळंशार, आणि पिशवीत दोन चिलाप्या.

नंतर ट्यूब पेटली. आपल्या भागात दाब रोजच दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री १० च्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी ४ च्या सुमारास खाली, फरक साधारण ३-४ हेक्टोपास्कलचा (दाब मोजायचं एकक, ॲपवरचे आकडे त्यातलेच). उन्हाने वातावरण तापतं त्यामुळे हवेतच एक भरती-ओहोटी चालू असते म्हणा ना. विषुववृत्ताकडे ती जोरात असते, उत्तरेकडच्या थंड देशांत अगदीच मामुली, म्हणून त्या व्हिडिओवाल्याने कधी तिचं नावच काढलं नाही. त्याच्याकडे ३ ने दाब पडला तर हवामान बदलतंय, आपल्याकडे ३ ने पडला तर चहाची वेळ झाली.

त्यामुळे पहिलं काम हे करा, आजच्या आकड्याची तुलना कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी करा. काल सकाळी १० ला १०१० होता आणि आज १० ला १००९.५ आहे तर काही झालेलं नाही, गप गळ टाका. काल १०१० आणि आज त्याच वेळी १००७ असेल तर मात्र मान वर करून आभाळ बघा, काहीतरी शिजतंय.

दुसरी गडबड मोबाईलच्या सेन्सरची. हवामानाचं ॲप आकडा समुद्रसपाटीला आणून दाखवतं, फोनमधला सेन्सर तुम्ही उभे आहात तिथला खरा दाब दाखवतो. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणजे ॲपवर १०१० आणि सेन्सरवर ९५० च्या आसपास, दोन्ही बरोबरच. पुण्याहून उजनीला उतरलात तर ६० एक मीटर खाली येता आणि सेन्सर ६-७ ने चढतो, एका मित्राने त्यावरून हाय प्रेशर आलं म्हणून गाडी परत फिरवायचं काढलं होतं. सेन्सर वापरणार असाल तर एकाच काठावरचे आकडे एकमेकांशी लावा, घरचा आणि धरणावरचा नाही.

आता मूळ प्रश्न, माशाला हे कळतं का? सगळे बोट दाखवतात माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीकडे, दाब बदलला की ती फुगते किंवा आकसते आणि मासा अस्वस्थ होतो म्हणे. पण हिशोब करून बघा. १ हेक्टोपास्कल म्हणजे जेमतेम १ सेंटीमीटर पाणी. दाब दिवसभरात ५ ने पडला तर माशाला तेवढा फरक ५ सेंटीमीटर वर सरकून मिळतो, आणि तो दिवसभर वरखाली करतच असतो की. रोहू-कटल्याची पिशवी तर नळीने घशाकडे जोडलेली असते, जास्तीची हवा तो सोडूनही देतो. आणि मुशीला (शार्कला) ही पिशवीच नसते.

मग जुनेजाणते म्हणतात ते खोटं का? नाही, माझ्या वहीतही पडत्या दाबाचे काही दिवस झकास गेलेत, पण ते दाबामुळे गेले असं मला वाटत नाही. दाबाबरोबर जे येतं ना, ढग, मंद उजेड, वारा, थंड पडलेलं वरचं पाणी, ते मासा बघतो. दाब फक्त आधी निरोप आणतो. भिगवणच्या बाजूला एक भोईमामा मला मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला बघून म्हणाले, "दाब-बिब ऱ्हाऊ द्या सायेब, वारं कुटनं सुटलंय त्ये बगा." आणि समोरच्या काठाकडे हात केला, जिथे वारा येऊन आदळत होता आणि पाण्यावर कचऱ्याची, फेसाची एक पट्टी जमली होती. खाणं तिथे गोळा होतं. मी सामान उचलून पलीकडे गेलो, तासाभरात कणकेच्या गोळ्यावर दोन रोहू. तेव्हापासून दाब पडला की मी आधी वारा कुठल्या काठाला लागणार ते बघतो आणि तिथे जाऊन बसतो. ढग आले की फ्लोटखालचा दोरा कमी करून गळ वर घेतो कारण कटला वरच्या पाण्यात खातो, मृगळ मात्र तळालाच, त्याच्यासाठी शिसं आहे तसंच ठेवा.

मे महिन्यात वळीव यायच्या आधीचा तास, उकाडा, काळं भरून आलेलं, हा माझा सगळ्यात आवडता. पण मग गार वाऱ्याचा झोत येतो आणि गंमत म्हणजे तेव्हा दाब एकदम २-३ ने वर उडी मारतो, कारण पावसाने गार झालेली जड हवा खाली आपटते. ही उडी दिसली की रॉड खाली ठेवायचा आणि गाडीत बसायचं. कार्बनच्या रॉडमधून वीज जाते, त्यात हौस नको. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये असू द्या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

पावसाळ्यात दाब महिनोन्महिने कमीच असतो, म्हणजे कमी दाब चांगला हे खरं असतं तर जुलैत पोती भरली असती. पाणी गढूळ, आणि रोहू-कटला अंडी घालायला प्रवाहाकडे निघालेले, त्यांना तेव्हा सोडूनच द्या. हिवाळ्यात उलट, दाब चांगला वर, आभाळ स्वच्छ, आणि मासे सुस्त, पण दोष दाबाचा नाही, गार पाण्याचा, ११ ते ३ मध्ये उथळ ऊन लागलेल्या पाण्यात बसा.

तळ्यावर जाणाऱ्यांनी दोन फसवणुकी लक्षात ठेवा. दोन-तीन दिवस ढगाळ आणि वारा बंद असेल तर पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात, ते खात नसतात, शेवाळाला ऊन न मिळाल्याने पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो, कितीही गांडूळ दाखवा. आणि दाब पडला की चिखलातला गॅस जास्त सुटतो, बुडबुडे बघून सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) चरतोय असं वाटतं. गॅसचे बुडबुडे एकाच जागी येतात, चरणाऱ्या माशाचे बारीक असतात आणि पुढे सरकत जातात.

खाडीत आणि समुद्रावर तर दाब सगळ्यात शेवटी बघा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा मध्यावरचा दाब नेहमीपेक्षा २० एक हेक्टोपास्कलने कमी होता, आणि उधाणाची ४ मीटरची एक भरती खाडीच्या तळाशी बसलेल्या तांबोशीवर ४०० चा फरक पाडते, तेही सहा तासांत. तांबोशी त्याला सरावलेली आहे. तिथे उधाण (मोठी भरती) आहे का भांग (लहान भरती), आणि पाणी कधी फिरतं, एवढं कळलं तरी पुष्कळ. बॅरोमीटर तिथे तुमच्या जिवासाठी आहे. मे-जून किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कालच्यापेक्षा ३-४ ने खाली दिसला तर हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वाचा, बंदरात तीन नंबरचा बावटा (खराब हवेचा इशारा) लागलाय का विचारा. वादळ लांब असतानाच मोठ्या लाटा पोचतात, वारा नंतर येतो. खडकावरून गरवणाऱ्यांनी उभं राहायच्या आधी पायाखाली बघा, पाण्यापासून इतक्या वर खडक ओला असेल तर मघाशी एक लाट तिथवर येऊन गेलेली आहे.