ट्रकचा स्पीड 65 वर लॉक करायचाय? मग आधी हे करा

डिझेल नव्वदच्या घरात गेल्यापासून बऱ्याच मालकांचं एकच चाललंय, गाडीचा स्पीड बांधून टाकू. आयडिया चुकीची नाहीये. अमेरिकेत 2008 ला डिझेल भडकलं तेव्हा कॉन-वे फ्रेट कंपनीने ट्रकचा स्पीड ताशी 65 मैलावरून 62 वर आणला होता, म्हणजे आपल्या हिशोबात साधारण 105 वरून 100. पण आपल्याकडे काय होतं, मालक वर्कशॉपला जाऊन स्पीड लॉक करतो, ड्रायव्हरला म्हणतो आता अॅव्हरेज आण, आणि महिन्याभरात बाहेरून बसवलेल्या लिमिटरची वायर कुणीतरी काढलेली असते.

ऑक्टोबर 2015 नंतर बनलेल्या मालवाहू गाड्यांना 80 चा गव्हर्नर, म्हणजे स्पीड बांधणारा लिमिटरच, कायद्यानेच आहे, टँकर आणि डंपरला 60 चा. म्हणजे आपण बोलतोय ते 80 वरून अजून खाली आणायचं.

फायदा कुठून येतो तर हवेतून. 65 ने चालणारी गाडी 80 ला नेली की हवेचा रोध दीडपट होतो, आणि तो तोडायला डिझेल जळतं. पण हे मोकळ्या सपाट रोडवर. खंबाटकी किंवा कसारा चढताना भरलेली गाडी कुंथत चालली असते, तिथे हवेचा काय संबंध, तिथे वजन आणि गियर. त्यामुळे तुमची गाडी भिवंडीचं गोडाऊन ते जेएनपीटी एवढंच करत असेल आणि अर्धा दिवस लायनीत उभी असेल तर या भानगडीत पडूच नका, इंजिन बंद ठेवायची सवय लावा, त्यात जास्त वाचेल. पुणे-बेंगलोर, समृद्धी, नागपूर-हैदराबाद असल्या लांब लाईनला मात्र जरूर करा.

वर्कशॉपला जायच्या आधी आत्ताचं खरं अॅव्हरेज काढा. डॅशबोर्डवर दिसतं ते नाही. टाकी फुल, किलोमीटर लिहा, ट्रिप करून परत त्याच पंपावर टाकी फुल, गेलेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. भरलेली आणि रिकामी गाडी वेगळी लिहा, एकत्र केलं की काहीच कळत नाही. रिकामी येताना ड्रायव्हर बिनधास्त पळवतो आणि वजन नसल्यामुळे डिझेलचा मोठा वाटा हवेतच जातो, म्हणून खरा फरक बऱ्याचदा रिटर्नला दिसतो. आणि ताडपत्री फडफडत असेल तर आधी दोर आवळा, त्याला पैसे लागत नाहीत.

आता आकडा कुठला ठेवायचा. इथे लोक घाई करतात, शेजाऱ्याने 60 केलं म्हणून आपणही 60. एकदा स्वतः केबिनमध्ये बसा, टॉप गियर टाकायला लावा आणि 60, 65, 70 ला आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा कुठे आहे ते बघा. काटा मीटरवरच्या हिरव्या पट्ट्यात आरामात राहतो तो स्पीड धरा. टॉप गियर नीट बसणारच नाही इतका खाली लॉक केला तर ड्रायव्हर खालच्या गियरमध्ये गाडी ओरडवत नेणार आणि अॅव्हरेज उलट पडणार. शिवाय 60 ला बांधलेली गाडी 55 च्या गाडीला ओव्हरटेक करायला लागली की मागे रांग लागते आणि समोरून एसटी येते, म्हणून दोन लेनच्या रोडवर जास्त चालणारी गाडी फार खाली नका आणू.

नवीन गाड्यांचं सेटिंग कंपनीच्या वर्कशॉपलाच लॅपटॉप लावून करतात, बाहेरच्या जुगाडूकडे नको, वॉरंटी जाते. वेगळा लिमिटर लावलेल्या जुन्या गाडीचं सील तोडू नका, पासिंगला अडकाल.

सगळ्यात अवघड भाग ड्रायव्हर. त्याला वाटतं आता ट्रिप लांबणार, भत्ता बुडणार. त्याच्यासमोर हिशोब मांडा. मोकळा रोड 300 किमी मिळाला असं धरा, 80 ने पावणेचार तास, 65 ने चार तास सदतीस मिनिटं, म्हणजे पाऊण तासाच्या थोडं वर. तेवढा वेळ टोल आणि चहात कधी जातो कळतही नाही. पण मग पार्टीला दिलेली पोचायची वेळ तुम्हीच पुढे ढकलायला पाहिजे, इकडे स्पीड बांधायचा आणि तिकडे फोनवर "कुठे पोचलास, लवकर आण" करायचं, हे नाही चालत राव.

आणि पैसे वाटून घ्या. समजा गाडी महिन्याला 10,000 किमी चालते आणि अॅव्हरेज 4 वरून 4.3 झालं, तर 2500 लिटरच्या जागी 2325 लागतात, 175 लिटर वाचलं, नव्वदच्या भावाने पंधरा हजारांच्या वर. त्यातले चार-पाच हजार ड्रायव्हरच्या हातात पगाराबरोबरच द्या, दिवाळीला बघू म्हणू नका. तोच मग स्वतःहून टायरची हवा बघतो.

एक गोष्ट मात्र त्याला बजावून सांगा. लिमिटर फक्त डिझेल तोडतो, ब्रेक मारत नाही. उतारावर गाडी 65 च्या पुढे खुशाल पळते. आणि डिझेल वाचवायच्या नादात कोणी घाटात न्यूट्रल करत असेल तर ते लगेच बंद करायला लावा. आताच्या इंजिनात गियर टाकून पाय काढला की उतारावर डिझेल जवळपास तुटतंच, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो तो वेगळाच.