दर्यावर्दी पाठ करू नका, नकाशावर काढा

दहावी असो नाहीतर एमपीएससी, पोर्तुगीज दर्यावर्द्यांच्या तारखा 1488 डायस, 1498 वास्को द गामा, 1510 गोवा असं घोकत बसलं की हॉलमध्ये सगळ्याची खिचडी होते. त्यापेक्षा स्टेशनरीच्या दुकानातून जगाचे चारपाच ब्लँक मॅप आणा आणि पेन्सिलच घ्या, खोडावं तर लागणारच.

पहिल्या नकाशावर नावं-तारखा काही नको, फक्त वारे. अरबी समुद्रात दोन बाण काढा, पावसाळ्यात आफ्रिकेकडून आपल्याकडे आणि हिवाळ्यात उलटा. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर का असतात हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मग अटलांटिक. विषुववृत्ताखाली वारा आग्नेयेकडून येतो, म्हणजे आफ्रिकेचा किनारा धरून दक्षिणेला जाणाऱ्याच्या तो तोंडावरच. म्हणून गामाने किनारा सोडला, खुल्या समुद्रात मोठा वळसा मारला आणि जवळजवळ तीन महिने जमीन न बघता थेट आफ्रिकेच्या टोकाजवळ निघाला. हा वळसा नीट काढा कारण 1500 मध्ये काब्राल हा दुसरा पोर्तुगीज दर्यावर्दी तोच वळसा आणखी पश्चिमेकडून मारतो आणि ब्राझीलला लागतो. तिथेच स्पेन-पोर्तुगालने नवे मुलूख वाटून घेतलेल्या टॉर्डेसिलासच्या तहाची (1494) उभी रेघ मारा, केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेला 370 लीग (अंतराचं जुनं माप), ब्राझीलचा पूर्व भाग पोर्तुगालच्या बाजूला का आला ते आपोआप दिसतं.

आता गामाची मालिंदी (पूर्व आफ्रिकेतलं बंदर) ते कालिकत रेघेवर लिहा 23 दिवस. परतीच्या रेघेवर लिहा तीन महिने. तेच पाणी, पण भाऊसाहेब वारा फिरायची वाट न बघताच निघाले, कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुढे गेले, मग काय, स्कर्व्हीने (ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणारा आजार) हिरड्या सुजून इतकी माणसं मेली की चालवायला हात उरले नाहीत म्हणून एक जहाज जाळून टाकावं लागलं.

एका कोपऱ्यात झामोरिनला (कालिकतचा राजा) गामाने आणलेला नजराणा पण लिहा: कापड, टोप्या, पोवळी, हात धुवायची भांडी, साखर, तेल, मध. बघून दरबारची माणसं हसली, मक्केचा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा यापेक्षा जास्त देतो म्हणाली. हे लक्षात ठेवायचं कारण पुढचं सगळं यातून कळतं. मिरीच्या बदल्यात द्यायला यांच्याकडे धड माल नव्हता, तोफा मात्र होत्या.

म्हणून दुसऱ्या नकाशावर फक्त गोल करा. गोवा 1510, मलाक्का 1511, होर्मुझ 1515, आणि एडनवर फुली, 1513 मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला ते घेता आलं नाही. मलाक्का, होर्मुझ, एडन, तिन्ही चिंचोळ्या वाटा. मुलूख नको, नाकी हवी होती. पोर्तुगीजांचा कार्ताझ नावाचा परवाना नसेल तर जहाज जप्त, सरळ खंडणीच म्हणा की. मग आपला किनारा भरा: चौल, वसई 1534, दीव 1535. वसईवर 1739 ची काट मारा, चिमाजी अप्पा.

इंग्रज (ईस्ट इंडिया कंपनी 1600) आणि डच (त्यांची कंपनी 1602) वेगळ्या रंगात, त्याच गोलांवर. मलाक्का डचांनी 1641 मध्ये घेतलं. मुंबई 1661 मध्ये लग्नाच्या हुंड्यात इंग्लंडच्या राजाला आणि 1668 मध्ये वर्षाला 10 पौंड भाड्याने कंपनीला, हे तर विसरणारच नाही कोणी. स्पेनला मात्र पूर्ण वेगळा नकाशा द्या, नाहीतर पोटोसीची (दक्षिण अमेरिकेतली स्पेनची खाण) चांदी मालिंदीत जाते.

आठवड्याने कोरा नकाशा घ्या आणि आधी वारे काढा. वारे अडले तर पहिला नकाशा परत करा, तारखांना तोवर हात लावू नका.