मिरगाआधी धुराडं झाडा

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस एकदा लागला की न्हाणीतली चूल दिवसभर धुमसते, तीही ओल्या लाकडांवर. मग धुराड्याच्या पाइपात डांबरासारखी चिकट काजळी धरते, आणि तीच पेट घेते. म्हणून मिरगाआधी, चूल पुरती थंड असताना, सुंभाला गोणपाटाचा बोळा नि खाली दगड बांधून वरून सोडा, चार वेळा खालीवर करा. नाकातोंडाला फडकं हवं, शिडी धरायला माणूसही. पाइपाच्या टोपीखाली घरटं सापडतंच. चिमणीत चिमणी, दुसरं काय! कौलांतून पाइप जातो तिथला वासा काळवंडला असेल तर पाइप लाकडापासून लांब घ्या. धूर घरात परतला तर आधी दार-खिडक्या उघडा, चूल विझवा नि बाहेर पडा; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.