वडापावची टपरी आणि 48 मिनिटं

तासिका तत्त्वावर शिकवायला लागून मला सहा वर्षं झाली. ठाण्याहून सकाळची पनवेल लोकल पकडायची, नेरुळला उतरायचं आणि एसवाय बीकॉमला कॉस्टिंग शिकवायचं. तास 48 मिनिटांचा, त्यातली आठ हजेरीत जातात. पहिल्या वर्षी उरलेली चाळीस मी एकटीच बोलायचे. नोट्स इतक्या चोख, की मध्येच कुणी शंका विचारली तर माझाच धागा तुटायचा. "ते पुढे येणारच आहे," म्हणून मी पुढे सरकायचे. दिवाळीपर्यंत शंका बंद झाल्या. मला वाटलं, वर्गाला समजायला लागलं!

तुम्ही नुकतेच कॉलेजात शिकवायला लागला असाल, तर हे तुमच्यासाठी.

त्या वर्षी एका मैत्रिणीने मला नौपाड्यातल्या शनिवार-रविवारच्या इम्प्रॉव्ह, म्हणजे संहितेशिवाय जागच्या जागी नाटक रचण्याच्या, कार्यशाळेला ओढून नेलं. मला वाटलं, हजरजबाबीपणा, विनोद, टाळ्या. पण पहिले दोन तास आम्ही नुसतं ऐकायला शिकत होतो. खेळ साधा होता. समोरचा काहीही म्हणेल, तुमचं वाक्य "हो, आणि..."ने सुरू व्हायला हवं. माझी जोडीदारीण म्हणाली, "अगं, तुझ्या छत्रीतून धूर येतोय." मी पटकन म्हणाले, "नाही गं, माझ्याकडे छत्रीच नाहीये." खेळ तिथेच संपला. शिकवणारे म्हणाले, "तिने तुम्हाला काहीतरी दिलं होतं. तुम्ही ते परत केलंत." घरी जाताना तलावपाळीवर बसून कणीस खाल्लं आणि वर्षभरात परत केलेल्या शंका आठवत राहिले.

हे खेळ मुळात नटांसाठी नव्हतेच. शिकागोच्या हल हाउस या समाजसेवी केंद्रात, स्थलांतरितांच्या वस्तीत, नीवा बॉइड मुलांना आणि मोठ्यांना खेळातून एकत्र आणायच्या. 1920च्या दशकात त्यांच्या हाताखाली व्हायोला स्पोलिन तयार झाल्या आणि त्यांनी पुढे नाट्यखेळ रचले. त्यांचा मुलगा पॉल सिल्स 1959 मध्ये सुरू झालेल्या सेकंड सिटी या शिकागोतल्या इम्प्रॉव्ह नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक. रंगमंच नंतर आला, आधी होती ती एकमेकांची भाषा नीट न येणारी माणसं. माझ्या वर्गात दिव्याची मुलं आहेत, घणसोलीची आहेत, शहापूरहून दोन गाड्या बदलून येणारीही आहेत. आणि खरं तर शिकागोपर्यंत जायचीही गरज नाही. आमच्या कुडाळकडे दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, तोंडाला रंग लागतो आणि संवाद जागच्या जागी होतात. माझे मामा म्हणतात, "समोरच्याचो शब्द खाली पडाक देऊचो नाय." याहून चांगली व्याख्या मला कार्यशाळेतही मिळाली नाही.

वर्गात मात्र मी पहिल्याच प्रयोगात तोंडावर आपटले. दुसऱ्याच तासाला मराठी माध्यमातून आलेल्या एका मुलाला एकट्याला पुढे बोलावलं आणि इंग्रजीत गिऱ्हाईक व्हायला सांगितलं. तो खडू हातात धरून उभा राहिला, मागून खसखस पिकली. त्यानंतर तीन आठवडे तो आलाच नाही. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून पहिले पंधरा दिवस मी कुणालाही एकटं उभं करत नाही. बाक जमिनीला ठोकलेले, त्यामुळे गोल वगैरे करायचा प्रश्नच नाही. शेजारचा तोच जोडीदार, आणि सगळे एकदम बोलतात, म्हणजे कुणाकडे कुणाचं लक्ष नसतं. भाषा कुठलीही चालेल. "पास" म्हटलं तर कारण विचारायचं नाही. तो मुलगा परत आला, पण सत्रभर "पास"च म्हणाला. म्हणू दे.

आता टपरीची गोष्ट. विषय होता स्थिर खर्च आणि बदलता खर्च. एक म्हणाला, "सीवूड्स स्टेशनबाहेर वडापावची टपरी टाकू." "हो, आणि भाडं महिना 6,000." "हो, आणि वडापाव 15ला विकू." "हो, आणि पाव, बटाटा, तेल धरून एकाला 9 लागतील." म्हणजे एका वडापावमागे सहा रुपये सुटतात, आणि हजार विकले की भाडं निघतं. ब्रेक-इव्हन फळ्यावर आला. मी खूश.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "हो, आणि मंडळाची गणपतीची वर्गणी!" हशा. पहिल्या वर्षीची मी म्हणाले असते, विषयांतर नको. जीभ चावली आणि फळ्यावर लिहिलं: वर्गणी. स्थिर की बदलता? निम्मा वर्ग म्हणाला, धंदा होवो न होवो, दरवर्षी येतेच, म्हणून स्थिर. कोपरखैरण्यात वडिलांचं दुकान असलेली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, गल्ला बघून पावती फाडतात." म्हणजे बदलता. मग आणखी कुणी म्हणालं, "पण पाचशे तरी द्यावेच लागतात ना!" काही भाग ठरलेला, वरचा धंद्याबरोबर वाढणारा. हाच तर सेमी-व्हेरिएबल खर्च. तो मी पुढच्या आठवड्यात टेलिफोन बिलाच्या उदाहरणाने शिकवणार होते, रिचार्ज मारणाऱ्या पिढीला!

यात माझी आठ मिनिटं गेली. एवढीच द्या, पोर्शनचा घोळ होत नाही. पण आधीची तयारी दुप्पट लागते, कारण मुलं कुठूनही शिरली तरी बाहेर कुठे काढायचं ते तुम्हाला माहीत हवं. या खेळांना मार्क मात्र देऊ नका, दिलेत की मुलं तुम्हाला हवं तेच बोलतात. सकाळी सातच्या तासाला हे चालत नाही, मी तीन वेळा करून पाहिलंय. परीक्षेच्या तोंडावर तर मुलांना गणितंच हवी असतात, तीच सोडवून द्यावीत.

सत्रअखेरच्या पेपरात सेमी-व्हेरिएबलचं उदाहरण म्हणून 11 जणांनी गणपतीची वर्गणी लिहिली. पेपर तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी मला स्टाफरूममध्ये गाठलं. "मॅडम, ही वर्गणी कुठल्या पुस्तकात आहे हो?"